आधी देवडी

सर पिअर्स मॉल्ड्री यांनी विटेचं घर बांधायचं मनावर घेतलं, तेव्हा मी त्यांच्या पत्नीची, अर्सुला बाईसाहेबांची, दासी होते. विकनहो गावात तोवर विटेचं म्हणून काही नव्हतं. देऊळ दगडाचं, बाकी सगळं लाकूड आणि कुडाचं. मॉल्ड्रींचं जुनं घरही तसंच होतं. ओकच्या तुळयांचं, एका अंगाला कललेलं, आणि मधल्या दालनात जमिनीवरच जाळ. धूर छपराच्या भोकातून जायचा, वारा फिरला की आमच्या डोळ्यांत जायचा. बाईसाहेब त्या घराला रोज नावं ठेवायच्या आणि रोज त्याच्या तुळयांना तेल लावून घ्यायच्या.

साहेबांच्या डोक्यात विटा शिरल्या त्या शेजारच्या परगण्यातल्या एका सरदाराकडे. राजा तिथे एक रात्र मुक्कामाला राहिला होता आणि देवडीचा उंच लाल बुरूज बघून म्हणे घोडा थांबवून उभा राहिला. साहेब घरी आले ते त्या बुरुजाहून एक मजला उंच बांधायचं ठरवूनच.

गवंडी म्हणून गिल्बर्ट रोक आला. पुढे मी त्याच्याशी लग्न केलं, पण तेव्हा तो माझ्यासाठी चुन्याने पांढरा झालेला एक परका माणूस होता. त्याने गवतात खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या. इथे देवडी, दोन्ही बाजूंना बुरूज, मागे चौक, चौकापलीकडे मोठं दालन, डाव्या हाताला स्वयंपाकघर. बाईसाहेब त्या दोऱ्यांमधून स्कर्ट सावरत फिरल्या आणि स्वयंपाकघराच्या जागी येऊन थांबल्या.

"अहो, आधी हे बांधा. मग दालन. दरवाजा काय, शेवटी लावतात."

"तुझ्या स्वयंपाकघरापाशी राजा घोड्यावरून उतरणार आहे का?"

"उतरला तर जेवायला मागेलच की. देवडी वाढणार आहात का त्याला?"

गिल्बर्टने तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून. साहेबांनी दुसऱ्या दिवशी देवडीचा पाया खणायला घेतला.

ती उभी राहिली तशी गावाची मान वर वर जायला लागली. एक थर लांबीने घातलेल्या विटांचा, एक थर फक्त डोकं बाहेर दिसेल अशा घातलेल्या विटांचा, आणि मधेमधे भट्टीत जास्त भाजून निळसर काळ्या पडलेल्या विटा अशा बसवलेल्या की लाल भिंतीवर चौकटीची नक्षी उमटावी. खिडक्यांच्या चौकटी भाजलेल्या मातीच्या, त्यांवर वेली आणि मासे. ते काम करायला परदेशी कारागीर आले होते, ते इकडची बिअर पिऊन तोंड वाकडं करायचे. वर बुरुजांच्या डोक्यावर दोराला पीळ द्यावा तशी पिळाची धुराडी, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला.

गिल्बर्टने साहेबांना विचारलं होतं. मी भाकरी घेऊन परांचीखाली उभी होते म्हणून ऐकलं.

"साहेब, पश्चिमेच्या बुरुजात आगटी नाही. तिकडची आगटी पुढे दालनाच्या भिंतीत यायची आहे. मग वर धुराडी कसली चढवू?"

"दुसऱ्या बाजूसारखीच."

"खाली जाळ नसताना?"

"रस्त्यावरून बघणाऱ्याला खालचा जाळ दिसतो का? चढव."

त्याने चढवली. आतून भरीव, एक बोटही आत जाणार नाही अशी, पण बाहेरून सगळ्यांत सुंदर तीच झाली.

मग दालनासाठी विटा कमी पडल्या आणि भट्टीसाठी सरपण. जंगल तोडून झालं होतं. साहेबांनी जुनं घर उतरवायला सांगितलं. म्हणाले, एवढ्या हिवाळ्यापुरतं आपण देवडीत राहू, पुढच्या सुगीला दालनात जेवू. घर उतरवलं त्या आठवड्यात बाईसाहेबांनी कुणाशी भांडण केलं नाही, याचीच मला भीती वाटली. त्यांच्या पलंगावरची तुळई चौघांनी उचलून भट्टीच्या तोंडाशी नेली. त्या तुळईखाली त्यांना पाच मुलं झाली होती आणि एक जगलं होतं. ओक लवकर पेट घेत नाही. त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, "एमट, चल, आपल्याला इतके जिने चढायची सवय करायला हवी."

पुढच्या सुगीआधीच घामाची साथ आली, घाम फुटला की माणूस त्याच दिवशी जायचा. साहेब दुपारी भट्टीवर होते. संध्याकाळी ॲम्ब्रोजचा हात धरून त्यांनी त्याच्याकडून वचन घेतलं की घर पुरं करीन. दिवेलागणीला गेले.

ॲम्ब्रोज म्हणजे तो जगलेला एक. मऊ स्वभावाचा, आईला घाबरणारा आणि बापाला त्याहून जास्त. बाप गेल्यावरही त्याला बापाची भीती वाटत होती. त्याने कोलचेस्टरच्या एका कापडवाल्याची मुलगी केली, थॉमसिन. घर बांधायला हुंडा लागणार होता हे खरं, पण तिच्यावर त्याचा जीव होता हेही खरं. वरात कमानीखालून आत आली. मागे काय, तर गवत, चार खुंट्या, आणि दोरीला अंग घासणारी एक मेंढी.

"घर कुठंय?" थॉमसिन म्हणाली.

"येतंय," ॲम्ब्रोज म्हणाला, आणि ती हसली. तेव्हा हसायची ती.

दोन बुरुजांना जोडणारी कमानीवरची खोली अजून फरशीशिवाय होती, खाली बघितलं तर घोडे दिसायचे. त्यामुळे एका बुरुजातून दुसऱ्यात जायचं तर गोल जिना उतरा, कमानीतल्या वाऱ्यातून जा, आणि दुसरा गोल जिना चढा. पूर्वेच्या बुरुजात आगटी होती. तो ॲम्ब्रोजने आईला दिला. स्वतः बायकोला घेऊन पश्चिमेच्या बुरुजात राहिला.

नवं वीटकाम दोन-तीन वर्षं तरी ओलं असतं. चुना आतून घामेजत राहतो. त्या हिवाळ्यात पश्चिमेच्या खोलीत भिंतीवरून पाणी ओघळायचं, गाद्यांना बुरशी यायची. थॉमसिनने तव्यात निखारे ठेवून बघितले, तर धुराने दोघं बाहेर पळाली. ॲम्ब्रोज दिवसभर दालनाच्या पायाच्या चरात उभा असायचा. पाया खणला की खाडीचं पाणी वर यायचं, उपसलं की पुन्हा यायचं. संध्याकाळी तो आईच्या आगटीपाशी येऊन बसायचा, खोकायचा, आणि झोपायला पलीकडे जायचा.

नाताळाआधी थॉमसिन एकटीच वर आली. मी तिथेच सूत गुंडाळत होते.

"आई, एवढा हिवाळा आपण खोल्या बदलूया का? यांचा खोकला काही बरा दिसत नाही."

बाईसाहेबांनी आपले गुडघे चोळले. "माझे सांधे बघतेस ना, पोरी. त्याला लहानपणापासून खोकला आहे. उन्हं पडू लागली की बदलू."

"मग इथेच खाली अंथरूण घालू दे त्यांना."

"लग्न झालेला पुरुष आईच्या खोलीत निजतो का? लोक काय म्हणतील?"

थॉमसिन जिना उतरून गेली. बाईसाहेब वाईट नव्हत्या. आपलं घर जाळलं गेलं, त्या बदल्यात एक आगटी मिळाली, ती सोडवेना. आणि मरण इतक्या जवळ आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

ॲम्ब्रोज ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस सुरू व्हायच्या आत गेला. थॉमसिनला तेव्हा दिवस गेले होते.

पुरून आल्यावर बाईसाहेब कमानीत थांबल्या. थंडीने ओठ निळे पडले होते. म्हणाल्या, "सूनबाई, आजपासून तू पूर्वेकडे राहा. मी तिकडे जाते."

"नको, बाईसाहेब." त्याआधी ती त्यांना आई म्हणायची. "आता मला उकडतंय."

ती आपला जिना चढून गेली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या त्या माझ्या तोंडून. त्यांना विचार, मीठ संपलंय का. त्यांना सांग, देवळात जाताना दार लोटून जा. जिने चढून उतरून माझे पाय गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलगी झाली, ॲनिस. पहिल्याच थंडीत थॉमसिनला कळून चुकलं की राग मुलाला ऊब देत नाही. सकाळी ती ॲनिसला गुंडाळून कमान ओलांडायची, पूर्वेच्या जिन्याच्या वरच्या पायरीशी मूल माझ्या हातात द्यायची आणि उंबरठ्याच्या आत पाऊल न टाकता परत फिरायची. आत बाईसाहेब हात पुढे करून बसलेल्या असायच्या. मुलगी चालायला लागली ती त्या जिन्यावर. भिंतीतच विटा घासून केलेला गुळगुळीत कठडा होता, तो धरून चढायची आणि प्रत्येक पायरीला नाव द्यायची. एकीचं नाव बकरी, एकीचं गिल्बर्ट.

हिच्यामुळे काही जमेल असं मला वाटायला लागलं होतं. एकदा ॲनिसने दोघींचे हात धरले, एक इकडे, एक तिकडे, आणि दोघींना अंडी बघायला ओढत नेलं. दोघी गेल्या. परत येताना बाईसाहेब म्हणाल्या, "हिचे पाय त्याच्यासारखे आत वळतात." थॉमसिन म्हणाली, "हो." दोन वर्षांत पहिला शब्द.

पण ॲनिस वारस होती. बाप मेलेल्या वारस पोरीचा ताबा राजाकडे जातो, आणि राजा तो विकतो. सर लँबर्ट स्ट्राउड नावाच्या माणसाने तो विकत घेतला. त्याला ॲनिसच्या वयाचा मुलगा होता, ह्यू. दोघांचं लग्न लावलं की जमीन घरातच. तोवर जमिनीचं उत्पन्न त्याचं आणि मुलगी त्याच्या घरी. विधवांचा हक्क म्हणून सरकारी माणसांनी बाईसाहेबांना पूर्वेचा बुरूज लावून दिला आणि थॉमसिनला पश्चिमेचा. कमानीवरच्या बिनफरशीच्या खोलीला सर लँबर्टचं कुलूप लागलं.

मुलीला न्यायला त्याची माणसं आली तेव्हा ॲनिस चार वर्षांची होती. पुढे कारभारी, मागे एक जाड बाई. वरच्या खिडकीतून बाईसाहेबांनी त्यांना रस्त्यावर बघितलं आणि इतक्या वर्षांत कधी उतरल्या नव्हत्या इतक्या भराभर खाली आल्या.

"गिल्बर्ट, दार लाव. अडसर घाल."

देवडीची दारं ओकची होती, हलवायला तीन-चार माणसं लागायची. गिल्बर्ट, मी आणि थॉमसिन, तिघांनी मिळून ती लोटली. अडसर पडला. बाईसाहेब दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. थॉमसिनने मुलीला उचलून पोटाशी धरलं. एकदाच त्या दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

बाहेरून कुणी दार ठोठावलं नाही. थोड्या वेळाने पाठीमागून घोड्याचं फुरफुरणं ऐकू आलं. बुरुजाला लागून भिंतच नव्हती. ते खाजकुयलीतून बुरुजाला वळसा घालून आले होते. कारभारी घोड्यावरून उतरला, बुटांना लागलेलं झटकलं आणि टोपी काढली. हसला मात्र नाही, एवढं खरं.

"मी येते बरोबर," थॉमसिन म्हणाली. "दाई म्हणून येते. मला पगार नको, काही नको."

"दाई आणलीय, बाई."

"तिला माझ्याशिवाय झोप येत नाही."

"येईल हो. पोरांचं काय, चार दिवसांत विसरतात."

त्याने हे समजूत घालायला म्हटलं. जाड बाईने मुलीला मधाची वडी दाखवली. ॲनिस आधी वडीकडे गेली, आणि घोड्यावर बसवल्यावर रडायला लागली. रडणं पुलापर्यंत ऐकू आलं.

त्या वर्षी दालनासाठी रचून ठेवलेल्या विटाही गेल्या. सर लँबर्टने त्या खाडीपलीकडे घर बांधणाऱ्या कुणाला तरी विकल्या. गाड्या मागच्या गवतातून जायच्या. गिल्बर्टने त्या विटांचा चिखल स्वतःच्या पायांनी मळला होता, पण गाड्या भरायला माणसं हवी होती आणि आम्हाला खायला हवं होतं, तेव्हा तोच भरत होता.

थॉमसिन त्या हिवाळ्यात जेवायची थांबली. एका सकाळी मी गेले तर उशीवर पाणी गोठलेलं आणि ती शुद्धीवर नाही. गिल्बर्टने तिला पाठुंगळी मारून एक जिना उतरवला आणि दुसरा चढवला. शुद्ध आल्यावर ती बाईसाहेबांच्या पलंगावर होती, आगटीसमोर. मला वाटलं, उठून जाईल. पण गेली नाही. मग मला कळलं की माफीबिफी काही नाही, कुठे झोपतो याचंच तिला काही वाटेनासं झालं होतं.

तेव्हापासून दोघी एका जाळापाशी राहिल्या. बोलायच्या थोडं, आणि ॲनिसबद्दलच.

"आता तिचे पुढचे दात पडत असतील."

"पडून आलेही असतील, बाईसाहेब."

सर लँबर्टचं घर होतं त्या केंटकडे जाणाऱ्या लोकरीच्या गाडीवाल्यांबरोबर थॉमसिन निरोप पाठवायची. परत निरोप यायचा, मुलगी बरी आहे. त्यापुढे कधी काही नाही. बाईसाहेबांचे डोळे जायला लागले, मग कान. थॉमसिन त्यांना भरवायची. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय माया आहे. मी जवळून बघत होते. ती चमचा पुढे करायची आणि नजर खिडकीतून रस्त्यावर असायची.

ॲनिस आली ती पंधराव्या वर्षी, लग्न होऊन. आदल्या दिवशी स्वाराने वर्दी दिली. आम्ही जिने धुतले, खाडीतले बाम मासे आणून शिजवले, पांढरी रोटी केली. थॉमसिनने मला तीनदा विचारलं, "माझे केस फार पांढरे दिसतात का गं?" बाईसाहेबांना त्यांचा जुना मखमलीचा झगा घालून खुर्चीत बसवलं. ताट मांडायला थॉमसिनने अंगावर फडकं बांधलं होतं, तशीच ती वाडगा घेऊन वळली आणि दारात मुलगी उभी.

उंच, गोरी, पाय किंचित आत वळलेले. तिने खोलीभर बघितलं, मखमलीचा झगा बघितला, आणि सरळ जाऊन बाईसाहेबांपुढे गुडघ्यांवर बसली.

"आई, मला आशीर्वाद द्या."

बाईसाहेबांना नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी चाचपडत तिच्या केसांवर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग थॉमसिनने वाडगा खाली ठेवला.

"ती तुझी आजी. आई मी."

मुलीचे कान लाल झाले. "क्षमा असावी, बाईसाहेब," ती म्हणाली. उठली, थॉमसिनपुढे येऊन पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि तेच शब्द त्याच आवाजात म्हणाली. "आई, मला आशीर्वाद द्या."

थॉमसिनने दिला.

जेवताना ॲनिस चांगली वागली. बाम मासा तिला आवडत नव्हता, तरी खाल्ला. थॉमसिनने विचारलं, जिना आठवतो का, पायऱ्यांना नावं ठेवली होतीस. ती विचार करून म्हणाली, "नाही. पण लहानपणी मी कुठेतरी अंडी बघायला जायचे." थॉमसिन म्हणाली, "इथेच." मुलगी म्हणाली, "नाही, ते सासऱ्यांकडे." आणि ती तिथल्या कोंबड्यांबद्दल बोलायला लागली.

ह्यू, तिचा नवरा, जेवण होताच बाहेर पडला होता. आम्ही खाली आलो तेव्हा तो मान वर करून गिल्बर्टशी बोलत होता.

"या मातीच्या चौकटी आता कुणी करत नाही. काढता येतील का?"

"येतील, साहेब. पण त्या काढल्या की वरची भिंत धरणार नाही. बुरूज खाली येईल."

"बुरूज राहून करायचंय काय? मागे काही आहे का?"

ॲनिसने नवऱ्याच्या बाहीला हात लावला.

"घाई कशाला करता? या दोघी आहेत तोवर राहू दे की."

हे ती आमच्यासमोर म्हणाली. तिच्या मनात दयाच होती. थॉमसिनने मान लववून तिचे आभार मानले. मग ॲनिसने आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि भरती यायच्या आत खाडी ओलांडायला हवी म्हणून ती निघाली. पुलावर तिने वळून हात केला. थॉमसिनने केला नाही. अंगावरचं फडकं तिने अजून दोन्ही हातांत धरलं होतं.

वर बाईसाहेब विचारत होत्या, "पोर झोपली का?"

"झोपली," थॉमसिन त्यांच्या कानाशी म्हणाली.

बाईसाहेब त्याच शरद ऋतूत गेल्या. जिना इतका अरुंद की शवपेटी वळेना, तेव्हा त्यांना चादरीत बांधून आणावं लागलं. निरोप धाडला होता, पण ॲनिसला पहिलं मूल होणार होतं, प्रवास नको म्हणाले. पुढच्या वर्षी गिल्बर्टही गेला.

आता वर थॉमसिन एकटी आहे. फारशी उठत नाही. मी जवाची पेज घेऊन चढते, तिच्यासमोर बसते, आणि ती थोडी खाते. परवा म्हणाली, "एमट, मी मरायला लागले तर कुणाला कळवू नकोस. त्यांना लगेच शिड्या आणायची घाई होईल."

"तुम्ही कशाला मरताय इतक्यात?"

"हो. तेही आहेच. जगून तरी काय राखतेय मी, विटाच ना?"

मी वाडगा उचलला आणि खाली आले.

दरवर्षी सुगी झाली की ह्यू साहेबांचा माणूस येतो. बाईंची तब्येत कशी आहे विचारतो. मी सांगते, बरी आहे. तो मान डोलावतो, दोरी काढून खालच्या खिडक्यांची मापं घेतो आणि जातो. यंदा वरच्या खिडक्यांचीही मापं घ्यायला तो शिडी घेऊन आला होता. जाताना म्हणाला, जड आहे, परत कुठे वाहून नेऊ, आणि ती भिंतीला टेकवून गेला.